कढीपत्त्यावरच्या अळ्या मारू, की गच्चीवर फुलपाखरांची वाट पाहू?

ताई, तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडते, म्हणजे पुढचं बोलणं नीट जुळेल. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर तुमची गच्ची आहे. फुलपाखरं यावीत म्हणून दोन वर्षांपूर्वी तुम्ही झेंडू, सदाफुली, एक्झोरा, घाणेरी अशी दहा-बारा कुंड्यांत फुलझाडं लावलीत. फुलपाखरं येतात, मिनिटभर बसतात आणि निघून जातात. एकही अंडं दिसलं नाही, एकही कोष दिसला नाही. त्याच गच्चीवरच्या कढीपत्त्यावर मात्र अळ्या पडल्या आहेत. काही पक्ष्याच्या विष्ठेसारख्या तपकिरी-पांढऱ्या, काही बोटाएवढ्या हिरव्यागार. दर आठवड्याला कडुनिंबाचं तेल फवारूनही त्या हटत नाहीत. तुम्ही विचारलंत की अळ्या मरतील पण फुलपाखरांना धक्का लागणार नाही, असं औषध कोणतं?

असं औषध मिळणार नाही, कारण त्या अळ्या हीच तुमची फुलपाखरं आहेत. तुम्ही केलेल्या वर्णनावरून त्या लाइम बटरफ्लायच्या किंवा कॉमन मॉरमॉनच्या आहेत. ज्यांची दोन वर्षं वाट पाहिलीत ती येऊन, अंडी घालून गेलीसुद्धा. फक्त तुम्ही त्यांना फुलांवर शोधत होतात.

यात तुमची चूक झाली असं मला मुळीच वाटत नाही. मी गेली वीसेक वर्षं शाळांच्या आवारात आणि लोकांच्या घरी फुलपाखरांसाठी झाडं लावून देते, आणि निम्म्याहून जास्त लोक मला याच ठिकाणी अडलेले भेटतात. रोपवाटिकेत ‘फुलपाखरांची झाडं’ म्हणून जी देतात, ती मोठ्या झालेल्या फुलपाखराच्या खाण्याची झाडं असतात. फुलपाखराला मध कोणत्या फुलातून मिळतो याचं फारसं पडलेलं नसतं. सोंड पोचली आणि रस असला की झालं. पान मात्र अळी खाते, आणि अळी पानाच्या बाबतीत कमालीची काटेकोर असते. तिची आई त्याहून काटेकोर.

एखादी मादी अंडी घालायला आली की पाच मिनिटं शांत बसून तिच्याकडे बघा. ती फुलाकडे ढुंकूनही पाहत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जाते, पानावर टेकते, पुढच्या पायांनी पान टपटप बडवते आणि उडते. पुन्हा टेकते, पुन्हा बडवते. चव घेणारे बारीक केस तिच्या पायांवर असतात, त्या बडवण्यातून ती पानाची चव घेत असते. लिंबावर वाढणाऱ्या याच घराण्यातल्या एका फुलपाखरावर जपानी संशोधकांनी बरंच काम केलं आहे. त्यांना असं दिसलं की पानातल्या एखाद्याच द्रव्याने मादीची खात्री पटत नाही, अनेक द्रव्यं एकत्र चाखायला मिळाली तरच ती अंडं घालते. म्हणजे मादी पान ओळखते ते त्याच्या रसायनांवरून. आकार दुय्यम.

आपल्या कढीपत्त्याचंच पाहा. मराठीत त्याला कढीलिंब म्हणतात, म्हणजे कढीत घालायचा लिंब, कारण त्याची पानं कडुलिंबासारखी दिसतात. आपण डोळ्यांनी पाहून नाव ठेवलं. फुलपाखरू मात्र पायांनी चाखून सांगतं की याचं कडुलिंबाशी नातं नाही. याचं नातं लिंबू, संत्रं, बेल, कवठ आणि कुंती यांच्याशी आहे. वनस्पतिशास्त्रानेही या सगळ्यांना एकाच कुळात बसवलंय. त्यामुळे लाइम बटरफ्लाय लिंबावर अंडी घालतं, बेलावर घालतं, कढीपत्त्यावर घालतं. शेजारी कडुलिंब असला तरी त्याच्याकडे फिरकत नाही.

याहून नवलाची गोष्ट बावचीची. बावची घेवड्याच्या कुळातली, लिंबाशी तिचं दूरचंही नातं नाही. कोड पडलेल्या त्वचेवर आयुर्वेदात वापरतात तीच ही. तरीही आपल्याकडे लाइम बटरफ्लायच्या अळ्या बावचीवर सापडतात. ऑस्ट्रेलियात तर हेच फुलपाखरू प्रामुख्याने बावचीच्या भाऊबंदांवर वाढतं. बावचीला ज्या द्रव्यामुळे औषधी गुण आला, त्याच जातीची द्रव्यं लिंबाच्या कुळातही आहेत. झाडांच्या कुळाला ओलांडून कीटक चवीच्या धाग्याने पलीकडे गेला, असा याचा अर्थ मी लावते. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी माझ्या नोंदवहीतली झाडांची सगळी यादी नव्याने लिहून काढली होती.

ही चवीची गोष्ट तशी जुनी. 1910 साली व्हर्शाफेल्ट नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने कोबीवरच्या अळ्यांना त्या एरवी तोंडही लावणार नाहीत अशी पानं दिली. फक्त त्यांवर मोहरीच्या झणक्याचं मूळ असलेलं द्रव्य लावलं. अळ्यांनी ती पानं खाल्ली. ज्या झणक्याने बाकीचे किडे पळून जावेत, तोच या अळ्यांना ‘हे आपलं घर’ असं सांगतो. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर आषाढी द्वादशीला पारण्याला ज्या वाघाटीची भाजी करतात ती घ्या. तिच्या वेलीतही मोहरीच्या गटातली द्रव्यं आहेत आणि तिच्यावर पायोनियर, ग्रेट ऑरेंज टिप यांसारखी फुलपाखरं वाढतात. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांची ही सगळी जवळची नातलग.

झाड ही द्रव्यं स्वतःच्या बचावासाठी करतं. बहुतेक किड्यांना ती बाधतात. एखादं घराणं मात्र पिढ्यानपिढ्या ती पचवायला शिकतं, आणि मग त्या झाडावर त्याला फारसे वाटेकरी उरत नाहीत. पण याची किंमतही असते. एका विषाशी जुळवून घेतलेलं पोट दुसऱ्या विषापुढे कच्चं ठरतं. रुईवरच्या प्लेन टायगरच्या अळ्या मी एकदा पाहायचं म्हणून कढीपत्त्यावर सोडल्या होत्या. त्या पानाला एक चावा न घेता संध्याकाळपर्यंत कुंडीच्या काठावर फिरत राहिल्या. परत रुईवर ठेवल्या तेव्हा कुठे खाऊ लागल्या.

रुईचा विषय निघालाच आहे, तर जरा थांबते, कारण हा खेळ तुम्ही स्वतः बघू शकाल. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो. त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात, शिवाय तो चिकट असतो, बारीक अळीचं तोंडच चिकटून जाईल असा. प्लेन टायगरची जरा मोठी झालेली अळी आधी पानाची मधली शीर कुरतडते. चीक तिथेच वाहून जातो. मग ती शिरेच्या पुढचं, चीक आटलेलं पान निवांत खाते. त्यातलं थोडं विष ती अंगात साठवते आणि ते फुलपाखरातही उतरतं. सगळ्यांत सारखं नसतं, काहींत भरपूर तर काहींत अगदी कमी. तरी एकदा ओकारी झालेला पक्षी त्या केशरी-काळ्या पंखांच्या वाटेला पुन्हा सहसा जात नाही.

आता याच्याशी घोळाचा संबंध बघा. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तिच्या अळ्या मात्र वाढतात घोळावर, जी आपण भाजी करून खातो. विष नाही, नुसतं विषारी फुलपाखराचं रूप घेतलेलं आहे. कढीपत्त्यावरच्या तुमच्या कॉमन मॉरमॉनचंही तसंच. त्याच्या माद्या एकापेक्षा जास्त रूपांत असतात. एक नरासारखी काळी-पांढरी, तर दुसऱ्या दोन कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या तांबड्या ठिपक्यांच्या विषारी फुलपाखरांसारख्या. रोझ फुलपाखरांचं विष सापसंदाच्या वेलीतून येतं, मॉरमॉन बिचारी कढीपत्त्यावर वाढते. तेव्हा लाल ठिपक्यांचं काळं फुलपाखरू तुमच्या कढीपत्त्याभोवती घिरट्या घालताना दिसलं, तर ते रोझ नसून मॉरमॉनची मादी आहे हे तुम्ही झाडावरूनच सांगू शकाल. खऱ्या रोझला कढीपत्त्याशी काही देणंघेणं नाही. आम्ही मंडळी कित्येकदा फुलपाखरू असंच ओळखतो, पंखांआधी ते कोणत्या झाडापाशी रेंगाळतंय ते बघून.

एवढ्यावरून सगळे पानं खाणारे कीटक असेच सोवळे असतात असं समजू नका. हरभऱ्यावरची घाटे अळी कापसावर, तुरीवर, टोमॅटोवरही तितक्याच आनंदाने वाढते. पावसाळ्यात गच्चीवर रातोरात पानांची चाळण करणारी तंबाखूची अळी तर शंभराहून अधिक वनस्पतींवर जगते. अशा अळ्यांना माझ्याही कुंड्यांत जागा नाही. रात्री टॉर्च घेऊन मी त्या वेचते. पण ओळख पटल्याशिवाय चिमटा उचलायचा नाही, हा माझा नियम आहे.

तुमच्या अळ्या कशा ओळखायच्या? लाइम आणि मॉरमॉनची अंडी एकेकटी, गोल, फिकट पिवळी, मोहरीहून लहान असतात आणि बहुधा कोवळ्या शेंड्यावर सापडतात. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. हे तिचं लपणंच आहे, विष्ठा कोण खाणार! चार वेळा कात टाकून ती पाचव्या अवस्थेत पोचली की हिरवी होते, अंगावर तपकिरी आडवे-तिरपे पट्टे येतात. खात्री करायची असेल तर काडीने तिला मानेपाशी हलकेच स्पर्श करा. डोक्यामागून केशरी-तांबडं, दुबेळक्यासारखं शिंग बाहेर येईल आणि सडक्या फळासारखा उग्र वास येईल. हे दिसलं की दुसरी शंका नको. तिला केस किंवा काटे नसतात, हाताला इजा होत नाही. केसाळ आणि काटेरी अळ्यांना मात्र उघड्या हाताने शिवू नका, आंब्यावर आणि एरंडावर दिसणाऱ्या काही काटेरी हिरव्या अळ्यांचा डंख फार झोंबतो.

कढीपत्त्यावर पांढरे कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. शेंड्यावर बारीक किडे दाटले आणि पानं चुरगळली तर मावा किंवा सिला. लिंबाच्या पानावर चंदेरी वेडीवाकडी रेघ दिसली तर नागअळी. यांच्यासाठी साबणाचं पाणी, जोराची पाण्याची धार, खराब शेंडा खुडून टाकणं हे उपाय ठीक आहेत. पण ते करण्याआधी शेंडा उलटसुलट बघून घ्या, तिथेच फुलपाखराची अंडी असतात.

कडुनिंबाचं तेल का चाललं नाही, तेही सांगते. त्यातला घटक अळीची भूक मारतो आणि कात टाकण्यात अडथळा आणतो. त्यामुळे तो अगदी लहान अळीवर चालतो, बोटाएवढीवर नाही. शिवाय उन्हात तो लवकर निकामी होतो. आणि मुख्य म्हणजे मादी अंडी घालते ती फवारणीनंतर फुटलेल्या नव्या शेंड्यावर, जिथे तुमचं तेल पोचलेलंच नसतं. अळी आयुष्यभरात जेवढं खाते त्यातलं बहुतांश शेवटच्या अवस्थेतल्या चार-पाच दिवसांत खाते. म्हणून ‘काल झाड बरं होतं, आज काड्या उरल्या’ असं वाटतं. अळ्या आधीपासून तिथेच होत्या, दिसत नव्हत्या इतकंच. काही जण जीवाणूजन्य कीटकनाशक सुचवतील, ‘हे नैसर्गिक आहे’ म्हणून. ते मधमाशीला इजा करत नाही हे खरं, पण ते सुरवंट-अळ्यांसाठीच बनवलेलं असतं. तुमची मॉरमॉनही त्यात मरेल.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: फुलं फुलपाखराला बोलावतात, पण ठेवून घेतं ते पान. आणि कोणतं पान, हे प्रत्येक जातीचं ठरलेलं असतं.

आता करायचं काय? याचं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती मला दिसत नाही, म्हणून फाटे फोडून सांगते.

तुमचा कढीपत्ता कमरेपर्यंत उंच, बुंधा जाडसर असेल तर काहीही करू नका. तो पूर्ण ओरबाडला गेला तरी जून ते ऑक्टोबर पुन्हा फुटतो. थंडीत त्याची वाढ मंदावते, तेव्हा फुटायला वेळ लागतो, पण तेव्हा अळ्याही कमी असतात. माझ्या घरचा कढीपत्ता दरवर्षी दोनदा तरी बोडका होतो आणि दरवर्षी आधीपेक्षा जास्त फांद्या काढतो, कारण शेंडे खाल्ले गेले की बाजूचे डोळे फुटतात. आपण छाटणी करतो तेच अळ्या करतात.

तो वीतभर किंवा गुडघ्याएवढा असेल तर मात्र मी त्यावर दोन-तीनपेक्षा जास्त अळ्या ठेवत नाही. लहान रोप वारंवार उघडं पडलं तर मरू शकतं. म्हणूनच नागपूर-अमरावतीकडच्या संत्र्याच्या रोपवाटिकेसाठी हेच फुलपाखरू खरोखरची कीड आहे. हात-दीड हाताच्या कलमाला चार अळ्या पुरे पडतात. तिथला शेतकरी त्या वेचतो किंवा मारतो, त्याला मी कधी नाव ठेवणार नाही. त्याचं पोट त्या कलमावर आहे. तुमचं तसं नाही, म्हणून तुम्हाला वेगळा सल्ला देते.

दोन कढीपत्ते ठेवा. एक स्वयंपाकाचा, एक फुलपाखरांचा. स्वयंपाकाच्या कुंडीवर चार काड्या रोवून जुन्या मच्छरदाणीचं कापड घाला आणि खाली सुतळीने बांधा. जाळी पानांना टेकू देऊ नका, नाहीतर मादी बाहेरून टेकून जाळीतून अंडं घालते. दुसरी कुंडी उन्हात, उघडी. पहिल्यावर चुकून अळी आलीच तर तिला पानासकट उचलून दुसऱ्यावर ठेवा. कढीपत्त्यावरून कढीपत्त्यावर हलवायला हरकत नाही. लिंबावर वाढलेली मोठी अळी कढीपत्त्यावर हलवायचं मात्र टाळा. आईने दोन्ही झाडं निवडली असती हे खरं, पण अळीला एका पानाची सवय लागली की ती दुसऱ्याला कित्येकदा नकार देते. अंडं किंवा नुकतीच निघालेली अळी असेल तर चालतं.

आणखी एक गोष्ट. कढीपत्त्याला आंबट ताक, शेण, थोडी पेंड एवढं पुरतं. युरिया घालून एकदम लुसलुशीत फूट काढलीत की तीच पालवी माव्यालाही आवडते आणि मादीलाही, मग एकाच झाडावर दहा-बारा अंडी पडतात. स्वयंपाकाच्या झाडाला तरी हात आखडता ठेवा.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत उन्हाळी-पावसाळी दिवसांत साधारण तीन ते चार आठवडे लागतात. पूर्ण वाढलेली अळी एक दिवस पातळ विष्ठा टाकते आणि झाड सोडून निघून जाते. लोकांना वाटतं, पक्ष्याने नेली. आधी भिंत, कठडा, शेजारच्या कुंडीची काठी पाहा. कमरेला रेशमाचा दोर बांधून तिरकं टेकलेला कोष तिथे असेल. हिरव्या जागी बहुधा हिरवा, सुक्या काटकीवर बहुधा तपकिरी. त्याला हलवू नका, पाणी मारू नका. सगळ्या कोषांतून फुलपाखरं निघतील अशी आशाही धरू नका. कोषाला बारीक गोल भोक दिसलं तर परजीवी माशी त्यातून निघून गेली असं समजा. पहिल्या वर्षी मी अशा रिकाम्या कोषांवर रडले होते. आता तीच माशी पाहिली की बरं वाटतं, कारण तिच्यामुळेच गावभरच्या कढीपत्त्यांवर पानं शिल्लक राहतात.

फक्त कढीपत्त्यावर थांबू नका असंही सांगेन. तुमच्या गच्चीला झेपतील अशी काही पानांची झाडं आहेत. पानफुटी लावा, ती मरतही नाही आणि रेड पिएरो या देखण्या लहान फुलपाखराची अळी तिच्या जाड पानाच्या आत बोगदा करून राहते. पान आतून पोकळ, डागाळलेलं दिसलं की रोग समजून फेकू नका. हळदीकुंकू नावाचं केशरी-पिवळ्या फुलांचं झाड कुंडीत छान येतं, ते रुईच्या कुळातलं, त्यावर प्लेन टायगर येईल. त्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, लहान मुलं असतील तर जरा उंचावर ठेवा. तगर असेल तर तिच्यावर कण्हेरीच्या पतंगाची मोठी हिरवी अळी सापडेल, शेपटीकडे शिंग असलेली. चित्रकावर झेब्रा ब्लू, कोरांटीवर लेमन पॅन्झी, सीताफळावर टेल्ड जे. आणि कुंडीतली आंबुशी उपटू नका. तिच्या इवल्या तीन पानांवर पेल ग्रास ब्लू वाढतं, पुण्यात ते जमिनीलगत सगळीकडे असतं, त्याला यायला तुमच्या निमंत्रणाची गरजही नाही. जागा आणि आधार असेल तर सापसंदाची वेल जरूर मिळवा, रोझ फुलपाखरांसाठी तिला पर्याय नाही.

घाणेरी मात्र काढून टाका. तिच्या मधावर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती परदेशातून आलेली आहे, तिची फळं पक्षी खातात आणि टेकड्यांवर तिची रानं माजतात. तिथे मग आपल्या फुलपाखरांना लागणारी पानं उगवायला जागा राहत नाही. तिच्या जागी एक्झोराच आणखी एक लावा.

ही झाडं रोपवाटिकेतून आणलीत तर एक काळजी घ्या. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेसाठी हळदीकुंकवाची वीस रोपं आणली. निरोगी, एकही भोक नसलेली पानं. आठवड्यात प्लेन टायगरने अंडी घातली, अळ्या निघाल्या, आणि दोन दिवसांत सगळ्या काळ्या पडून पानांवर लोंबकळल्या. रोपांच्या मातीत आधीच कीटकनाशक ओतलेलं होतं आणि ते मुळांतून पानात चढलं होतं. मुलांनी अंडी मोजून ठेवली होती, त्यांना काय सांगायचं ते मला सुचेना. तेव्हापासून नवं रोप आणलं की माती झटकून बदलते, शेंडे खुडते आणि निदान दोन महिने जाळीखाली ठेवते. शक्य असेल तर बी किंवा फांदी ओळखीच्या घरून मागून आणा. पानफुटीचं तर एक पान पुरतं.

किती फुलपाखरं येतील हे मी सांगू शकणार नाही. तुमच्या आसपास टेकडी, ओढा, मोकळं रान आहे का, शेजारी डासांसाठी धूर फवारतात का, तुमच्या गच्चीवर वारा किती असतो, यावर ते ठरतं. दुसरा मजला उंच नाही. माझ्या ओळखीत सहाव्या मजल्यावर लिंबाच्या एका कुंडीत लाइम बटरफ्लाय दरवर्षी येतं. आपलं राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉरमॉन, ज्याला काही जण नीलवंत तर काही राणी पाकोळी म्हणतात, तेही याच कुळावर वाढतं, पण त्याला गर्द झाडी लागते. 2015 मध्ये ते राज्य फुलपाखरू झाल्यापासून अनेकांनी त्याच्यासाठी लिंबू लावले. मध्यवस्तीत त्याची खात्री देता येत नाही, टेकडीलगत राहत असाल तर आशा ठेवायला हरकत नाही.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने लिहिलंय, ‘एवढ्या अळ्या सोडल्या तर त्या गच्चीवरची बाकीची झाडंही खाऊन टाकतील.’ तसं होणार नाही. कढीपत्ता संपला तर या अळ्या झेंडूकडे वळणार नाहीत, उपाशी मरतील. असा काटेकोर किडा आपलं झाड सोडून दुसरं धरत नाही, यावर आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर अनुभव आलेला आहे. 1795 मध्ये लाल रंग देणारा कोचिनियल किडा म्हणून ब्राझीलहून भारतात एक किडा आणला गेला. तो रंगाच्या कामाचा निघाला नाही, कारण ती जात दुसरीच होती. पण त्याने एका जातीच्या निवडुंगाचा मोठ्या भागात फडशा पाडला. शेजारच्या दुसऱ्या जातीच्या फड्या निवडुंगाला मात्र तो लागेना. त्या दुसऱ्या निवडुंगासाठी 1926 मध्ये श्रीलंकेहून त्याचा भाऊबंद असलेली वेगळी जात आणावी लागली, आणि मग तोही निवडुंग आटोक्यात आला. दोन्ही निवडुंग, दोन्ही किडे एकमेकांसारखे दिसणारे, तरी एकाने दुसऱ्याचं ताट उष्टावलं नाही. तुमच्या झेंडूला मॉरमॉनच्या अळीपासून काही भय नाही.

आता एवढं करा. आज तेलाची बाटली बाजूला ठेवा. मोठ्या हिरव्या अळ्या किती आणि विष्ठेसारख्या किती, ते मोजून लिहा. झाडाची उंचीही लिहा. उद्या सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान ऊन आलं की कढीपत्त्यापासून चार पावलं लांब खुर्ची टाकून बसा, बहुतेक मादी याच वेळात येते. ती आली तर पंखांवर लाल ठिपके होते का, मागच्या पंखांना शेपट्या होत्या का, एवढं बघून मला सांगा. मॉरमॉनला शेपट्या असतात, लाइमला नसतात. अळ्या झाडाच्या मानाने जास्त झाल्या असतील तर जास्तीच्या अळ्यांसाठी आसपास कुणाकडे मोठा कढीपत्ता किंवा बेल आहे का, ते आजच विचारून ठेवा. सोसायटीच्या आवारात बहुधा असतोच. विष्ठेसारख्या लहान अळ्या तिकडे हलवा आणि मोठ्या हिरव्या तुमच्याच झाडावर राहू द्या, त्यांचे आता दोन-तीनच दिवस खाण्याचे उरले आहेत.